अपडेटच्या आधी आत्याचं ऐक

बाळा, नवं काही आलं की तुझा हात आधी डाउनलोडच्या बटणावर जातो आणि वाचायचं मागाहून, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. घरातल्या कुणाचाही फोन अडला की बोलावणं तुलाच येतं, विंडोज की लिनक्स या वादात आवाजही तुझाच वर असतो. उत्साह चांगलाच आहे, तो टिकावा म्हणून चार गोष्टी कानात सांगते. पटतील त्या आजपासून धर, उरलेल्या लॅपटॉप अडेल त्या दिवशी पटतील.

बातमी वाचताना

१. मथळ्याआधी तारीख बघ — गेल्या वर्षीचा व्हायरस यंदाच्या गणपतीतही ‘आत्ताच आलेली बातमी’ म्हणून फॅमिली ग्रुपवर फिरतो, आणि मोठे काका खरं-खोटं तुलाच विचारतात.

२. ‘विंडोज बंद होणार’ असं कुणी ओरडलं तर विचार, कुठलं विंडोज आणि त्यातलं काय बंद — १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट संपले, पण त्या दिवशी एकही संगणक त्यापायी बंद पडला नाही.

३. मात्र तेवढ्यावर निर्धास्तही होऊ नकोस — मुदत संपलेली प्रणाली वर्षानुवर्षं चालते, फक्त तिच्यात नवं भोक सापडलं तर ते बुजवायला कुणी येत नाही. चालतंय म्हणजे जपलंय असं नाही.

४. घरगुती विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा-अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाले, तेही नाव नोंदवणाऱ्यालाच — अशी मुदत पुढची सोय बघायला दिलेली असते, विसरून जायला नव्हे.

५. ‘तुमचा संगणक विंडोज ११ ला चालत नाही’ असं दिसलं की लगेच दुकानात धावू नकोस — पुष्कळदा अडतं ते टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयीवर, आणि ती यंत्रात असूनही बायोसमध्ये नुसती बंद ठेवलेली असते. ती चालू करूनही अडलं, तर प्रोसेसर यादीत आहे का बघ आणि मगच पाकीट काढ.

६. कंपनीनं जाहीर केलेलं, कुणीतरी पाहिलेलं आणि कुणाला तरी वाटलेलं, असे बातमीचे तीन ढीग कर — तिसऱ्या ढिगावर विश्वासून फोन घ्यायचा लांबवलास तर फोनही येत नाही आणि दिवाळीची सूटही संपते.

७. आकडा खटकला तर आधी हिशोब करून बघ — एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, कारण डिस्क बनवणारे हजारानं मोजतात आणि विंडोज १०२४ नं. दुकानदार बिचारा दोन्हीकडून शिव्या खातो.

८. मोठा गोंधळ झाला की पहिल्या तासात कारण सांगायला बसू नकोस — १९ जुलै २०२४ ला जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली, आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. कित्येकांनी सायबरहल्ला ठरवून टाकला, आणि निघालं क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट.

९. म्हणून एवढं पाठ करून ठेव: पहिला तास अफवेचा, दुसरा दिवस कारणाचा — उशिरा बोलल्यानं कुणाचं अडत नाही, चुकीचं बोललेलं मात्र चारचौघांत निस्तरावं लागतं.

अपडेट करताना

१०. सुरक्षेचं अपडेट आणि नव्या आवृत्तीचं अपडेट यांतला फरक ओळख — पहिलं आठवड्याच्या आत उरकायचं, दुसरं महिनाभर थांबून.

११. पहिल्याला ‘नंतर आठवण करा’ म्हणत बसू नकोस — मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस पसरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच देऊन ठेवली होती. ती न लावल्यानं ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या.

१२. दुसऱ्याला घाई नको — विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीनं काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइलीच पुसल्या, आणि कंपनीला ती थांबवावी लागली. पहिल्या पंगतीला वाढपी शिकतो, दुसऱ्या पंगतीला जेवणारा सुखावतो.

१३. महिन्याचा दुसरा मंगळवार कॅलेंडरवर खूण करून ठेव — २००३ पासून मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा-अपडेट त्या दिवशी निघतात, आपल्याकडे रात्री उशिरा पोचतात. बुधवारी संध्याकाळी अर्धा तास काढलास की महिनाभर निवांत.

१४. परीक्षा, ऑनलाइन मुलाखत, फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, या दिवशी कुठल्याच अपडेटला ‘हो’ म्हणू नकोस — ३० टक्क्यांवर अडून बसलेल्या पडद्याला तुझी घाई कळत नाही.

१५. अपडेट सुरू करण्याआधी चार्जर लाव, आणि लावलाय एवढ्यावर न थांबता भिंतीवरचं बटण चालू आहे का बघ — मध्येच बंद पडलेलं यंत्र दुकानदार ‘बघतो’ म्हणून ठेवून घेतो, आणि त्याच्या ‘बघतो’ला तारीख नसते.

१६. विंडोज विचित्र वागायला लागलं तर शटडाउन नको, रिस्टार्ट कर — ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना शटडाउन केलं तरी प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो. खरी नवी सुरुवात रिस्टार्टनंच होते.

१७. बायोसच्या अपडेटला अगदी कारण असेल तरच हात लाव — विंडोज बिघडलं तर पुन्हा टाकता येतं, बायोस लिहिता लिहिता वीज गेली तर यंत्र सुरूच होईनासं होऊ शकतं.

१८. नवा फोन घेताना अपडेट किती वर्षं मिळणार ते आधी विचार — २०२३ च्या पिक्सेल ८ ला गुगलनं सात वर्षांचा शब्द दिला, कित्येक स्वस्त फोनांना त्याच्या निम्माही मिळत नाही. मेगापिक्सेल सगळेच विचारतात, वर्षं विचारणारा शहाणा.

१९. जुना फोन मंद झाला तर आधी बॅटरीची तब्येत बघ — बॅटरी थकलेल्या आयफोनांचा वेग आपणच कमी करतो, असं ॲपलनं डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं, आणि नवी बॅटरी घातल्यावर कित्येकांचे तेच फोन पुन्हा चांगले चालले.

प्रत ठेवताना

२०. महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर — तिन्ही एकाच दिवशी जाणं फार अवघड, एकुलती एक जाणं फार सोपं.

२१. घराबाहेरची प्रत म्हणजे शेजारच्या खोलीतली नव्हे — २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापुरात घरंच्या घरं पाण्याखाली होती. संगणक आणि त्याच्याच कपाटातली हार्ड डिस्क एकाच पाण्यात बुडतात.

२२. हसू नकोस, मोठ्या स्टुडिओलाही अशी प्रतच तारते — १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ च्या फाइली एका चुकीच्या आज्ञेनं पुसल्या गेल्या, आणि बॅकअपही बिघडलेला निघाला. लहान बाळामुळे घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती, म्हणून काम वाचलं.

२३. सिंक म्हणजे बॅकअप असं समजू नकोस — फोनवर फोटो पुसलास की ढगातलाही जातो, कारण दोन्हीकडे सारखं ठेवणं हेच सिंकचं काम आहे.

२४. दर दोन-तीन महिन्यांनी प्रतीतली एखादी फाइल उघडून बघ — ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत मूळ डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच उपायांपैकी एकही धड चालत नव्हता. उघडून पाहिलेली प्रत आपली, बाकीच्या देवाच्या भरवशावर.

२५. बॅकअप झाला की हार्ड डिस्क काढून कपाटात ठेव — खंडणीचा व्हायरस शिरला तर जोडलेल्या डिस्कलाही तो कुलूप घालतो.

२६. पेनड्राइव्ह ने-आण करायला वापर, साठवणीला नको — ती शर्टाच्या खिशातून थेट धुण्यात जाते, आणि लग्नाचे फोटो तिच्यातच होते हे नंतर कळतं.

२७. नव्या विंडोज लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालीय का ते आजच तपास, आणि ४८ अंकांची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेव — ती मागणारा निळा पडदा येतो तेव्हा ती शोधायला तो लॅपटॉप कामाला येत नाही.

२८. ईमेलचे बॅकअप कोडही त्याच कागदावर, आणि तो कागद दागिन्यांच्या शेजारी — फोन हरवल्यावर ओटीपी हरवलेल्या फोनवरच येतो.

नवी प्रणाली टाकताना

२९. लिनक्स टाकायचंय ना, खुशाल टाक, पण आधी दोन दिवस पेनड्राइव्हवरूनच चालवून बघ — डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो की नाही, हे सगळं कळतं.

३०. डाउनलोड मूळ ठिकाणाहूनच घे, आणि तरीही चेकसम जुळवून बघ — फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरट्यांनी लिनक्स मिंटचं संकेतस्थळच फोडून लोकांना भेसळीच्या फाइलीकडे वळवलं होतं. दोन मिनिटांचं काम आहे, पाटी कुणाचीही असो, माल तपासून घ्यायचा.

३१. उबंटू घेणार असशील तर सम वर्षाच्या एप्रिलमधली आवृत्ती घे, जशी २४.०४ — तिला पाच वर्षं अपडेट मिळतात, मधल्या आवृत्त्यांना जेमतेम नऊ महिने.

३२. लिनक्सचा कुठला प्रकार चांगला हे वाद घालणाऱ्यांना विचारू नकोस, तुझा जवळचा मित्र वापरतो तोच घे — रात्री अकराला अडशील तेव्हा फोन उचलणारा तोच.

३३. लिनक्स आणि विंडोज एकाच लॅपटॉपवर ठेवलीस आणि घड्याळ साडेपाच तासांनी चुकलं, तर मदरबोर्डचा सेल बदलायला जाऊ नकोस — यंत्रातल्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ ठेवतं आणि लिनक्स जागतिक. दोघांपैकी एकाची सेटिंग बदलली की तंटा मिटतो.

३४. टर्मिनलमध्ये ‘सुडो’नं सुरू होणारी ओळ समजल्याशिवाय चिकटवू नकोस — त्या शब्दानं तू यंत्राला मालकाचा हुकूम देतोस, आणि मालकाला ‘खरंच पुसू का?’ असं प्रत्येक वेळी विचारलं जात नाही.

३५. दुसऱ्याच्या यंत्रावर प्रयोग करण्याआधी त्याच्या कामाच्या सॉफ्टवेअरची यादी कर — बाबांच्या दुकानातलं टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. शनिवारी लिनक्स टाकलंस तर सोमवारी हिशोब तुझाच होईल.

३६. जो प्रोग्राम टाकताना ‘अँटीव्हायरस बंद करा’ असं सांगतो, त्याला दारातूनच परत पाठव — घरात शिरण्याआधी राखणदाराला झोपवा म्हणणारा पाहुणा कधी भला असतो का? फुकटाचं क्रॅक, महिनाभराची कळ.

३७. ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असा फोन आला तर ठेवून दे, आणि हे आजीलाही सांगून ठेव — अशी चौकशी करायला कंपनी आपण होऊन फोन करत नाही. पैसे गेलेच तर लाजत न बसता लगेच १९३० या सायबर-फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायचं.

मराठीतलं काम सांभाळताना

३८. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या घरच्या फाइली युनिकोडमध्ये उतरवून ठेव — तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर आजोबांच्या आठवणींच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गर्दी दिसते. फाइल शाबूत असते, वाचता मात्र येत नाही.

३९. बदलून झालं की रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्या’ डोळ्यांनी तपास — बदलणाऱ्या प्रोग्रामचे घोळ नेमके तिथेच होतात, आणि माणसांच्या नावांत ते जास्त बोचतात.

४०. इन्स्क्रिप्टचा कळफलक एकदा शिकून घे — विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे तो मिळतो, त्यामुळे प्रणाली कितीही बदललीस तरी बोटांना नवं काही शिकावं लागत नाही.

४१. लग्नाची पत्रिका छापायला देताना पीडीएफ दे — छापखान्यातल्या संगणकावर तुझा फॉन्ट नसला तर ओळी सरकतात, आणि दोष मात्र मुलीकडच्यांचा की मुलाकडच्यांचा यावर दोन दिवस चर्चा चालते.

मत देताना

४२. विंडोज चांगलं की लिनक्स असं कुणी विचारलं तर आधी त्याचं काम विचार — फोटो सांभाळणारी मावशी, हिशोब लिहिणारे बाबा आणि प्रोग्राम लिहिणारा तू, तिघांना एकच उत्तर कसं पुरेल?

४३. भविष्य सांगताना जपून — जानेवारी १९९२ मध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्यासारख्या प्राध्यापकानं लिनक्सची रचना जुनाट ठरवली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिले पाचशेच्या पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात.

४४. आणि लिनक्सवाल्यांनीही फार हसू नये — ‘यंदा घरोघरच्या टेबलावर लिनक्स’ असं ते दरवर्षी म्हणत राहिले, आणि लिनक्सचा गाभा अँड्रॉइडच्या पोटात बसून लोकांच्या खिशात पोचला. जाणकाराचा अंदाज चुकतो तो बहुधा दिशेचा.

४५. नव्या प्रणालीबद्दल निदान तीन आठवडे वापरून बोल — पहिल्या आठवड्यात तू बोलत नसतोस, तुझी सवय बोलते. वापरलं थोडं, बोललं फार, त्याला ऐकणारे दोन-चार.

४६. तरी सवयीला अगदीच गप्प बसवू नकोस — २०१२ मध्ये विंडोज ८ नं स्टार्टचं बटण काढलं, लोक कुरकुरत राहिले, आणि वर्षभरानं ८.१ मध्ये ते बटण परत आलं.

४७. तक्रार करताना चार गोष्टी लिही: आवृत्ती कुठली, तू काय केलंस, काय व्हायला हवं होतं, काय झालं — ‘चालत नाही’ एवढंच लिहिलंस तर दुरुस्त करणाराही ‘बरं’ एवढंच म्हणू शकतो.

४८. यंत्राची बारीकशी कुरकुरही ऐकत जा — मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्यानं ते सोडून दिलं नाही, आणि एक्सझेड नावाच्या लहानशा सॉफ्टवेअरमधला चोरदरवाजा जगभरच्या सर्व्हरांवर पसरण्याआधीच सापडला.

४९. फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरवर ओरडण्याआधी ते सांभाळणारी माणसं किती आहेत ते बघ — त्या एक्सझेडचं ओझं वर्षानुवर्षं एकच थकलेला माणूस फावल्या वेळात वाहत होता. ‘काम किती हळू चाललंय’ असा तगादा त्याच्यामागे लावला गेला, आणि त्या दडपणाखाली त्यानं मदतीला घेतलेल्यानंच चोरदरवाजा बसवला.

५०. म्हणून रोज वापरतोस अशा एखाद्या फुकट प्रोग्रामच्या कर्त्याला या आठवड्यात दोन ओळींचा आभाराचा निरोप पाठव, जमलं तर चहापाण्यापुरते पैसेही — त्याला तक्रारी रोज येतात, आणि कौतुकाच्या बळावर टिकलेला माणूस परक्याच्या हातात किल्ली द्यायची घाई करत नाही.